काठोकाठ

१ फेब्रुवारी १९९८, रविवार

साडीवाल्या शेठनं दिवाळीला मिठाईच्या पुड्याबरोबर ही डायरी दिली होती. दुधाचा हिशेब लिहीन म्हटलं होतं, पण जानेवारीची पानं कोरीच गेली. आता लिहायला घेतलंय ते वेगळंच, कारण या घरात मला बोलायची बंदी झाली आहे.

काल सकाळी चेतनराव हजिऱ्याला निघाले होते. (घरात नवऱ्याचं नाव घेत नाही, 'अहो' म्हणते. इथं कोण ऐकतंय?) मी एवढंच म्हटलं, "आज स्टिअरिंग नीट बघून घ्या हं, पुन्हा जड झालं तर?" झालं! सासूबाई न्हाणीतून ओरडल्या, "जातांना असं बोलतस का व माय! टोकू नही!" हे तोंड पाडून परत आत आले, पाणी प्यायले, पाच मिनिटं खाटेवर टेकले आणि मग गेले. संध्याकाळी खांदा धरूनच आले. स्टिअरिंग जड झालं होतं. म्हणाले, "योगिता, तुझी जीभ काळी आहे. तू बोलतेस आणि गाडी बिघडते. आजपासून गाडीबद्दल एक शब्द काढायचा नाही."

काळी तर काळी. पेनाची शाई निळी आहे, तिनं काही बिघडत नसावं.

गाडी दसऱ्याला घेतली. दहा माणसं बसतात, सेकंडहँड, पण पॉवर स्टिअरिंगवाली. एका बोटानं चाक फिरतं म्हणून ह्यांनी अख्ख्या सोसायटीला बसवून सुरतेत पर्वत पाटियापर्यंत चक्कर मारून आणली होती. सहा दिवस हजिऱ्याच्या कारखान्यातले लोक न्यायचे-आणायचे आणि लग्नसराईत खानदेशच्या फेऱ्या. संक्रांतीला ती एका बोटाची ऐट संपली. स्टिअरिंगचा पंप गेला. नवा पंप घ्यायची ऐपत नाही, म्हणून रिकंडिशनवाल्या शेठकडून जुना, दुरुस्त केलेला बसवला. तो आता कुरकुर करतोय.

नुसतं जड होतं तर मी घाबरले नसते. पण ते सांगून जड होत नाही. निम्म्या वळणात होतं. हजिऱ्याच्या रस्त्याला लोखंड भरलेले ट्रेलर असतात, आणि खानदेशात जायचं तर कोंडाईबारीचा घाट आहे. तिथं निम्म्या वळणात चाक अडलं तर काय, ते मी लिहिणार नाही. निळ्या शाईनंसुद्धा नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मी शेठच्या साड्यांना लेस लावत बसलेली असते, तेव्हा कोणी दार वाजवलं की हातातली साडी खाली पडते. आमच्याकडे फोन नाही, निरोप कोपऱ्यावरच्या पीसीओवर येतो आणि तिथला माणूस येऊन दार ठोकतो. आज ठोकलं. चेतनरावांचा निरोप होता: गाडी बंद, उशीर होईल. बाकीचं ते संध्याकाळी आल्यावर कळलं.

हजिऱ्याच्या वळणावर चाक दगड झालं. समोरून ट्रेलर. ह्यांनी दोन्ही हातांनी ओढून गाडी कशीबशी मातीत घातली. मागे बसलेल्या कारखान्यातल्या बाईसाहेब म्हणे रडायलाच लागल्या.

रिकंडिशनवाल्या शेठनं कुरकुर करत दुसरा पंप दिला. तोही रिकंडिशनच. आमचा मिस्त्री बन्सीलाल अमळनेरचा, घरच्यासारखा, त्यानं अंगणातच बसवला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "वहिनी, इकडं या. हा काळ्या झाकणाचा डबा दिसतो? ही स्टिअरिंगच्या तेलाची टाकी. सगळा खेळ हिचा. यातलं तेल उतरलं की चाक जड. ही भरलेली असली तर डोळे झाकून जा."

डोळे झाकून म्हणे! ड्रायव्हरनं डोळे झाकल्यावर तेल काय करणार, मेल्या? पण टाकी मी नीट बघून ठेवली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज एक गोष्ट चोरून केली, ती लिहिते.

आज नंदुरबारचं वऱ्हाड होतं. माणसं गाडीत बसलीसुद्धा होती. चेतनराव आंघोळीला. मला काय सुचलं कोण जाणे, देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यावरून किल्ली घेतली आणि बॉनेट उघडलं. काळं झाकण फिरवलं. तेल खाली गेलेलं! पंप पाझरत होता, खाली जमिनीवर ठिपके पडले होते. स्टिअरिंगच्या लाल तेलाची बाटली डिकीत असते, ती काढली तर रिकामी. नवी आणून ठेवायला हे विसरले. एवढ्या सकाळी दुकान कोण उघडतंय?

आता सांगायचं कसं? माणसं बसलेली, नारळ फुटलेला, सासूबाई दह्याची वाटी घेऊन दारात. मी तोंड उघडलं असतं की पुन्हा काळी जीभ. आणि न उघडावं तर तो डबा रिकामा.

शिलाई मशीनजवळ तेलाचा डबा होता. भटूआबा, माझे सासरे, भेस्तानच्या लूमखात्यात कापड विणायच्या साच्यांना तेल द्यायचं काम करतात. त्यांची उभी हयात तेलात गेली. त्यांच्या त्या तेलावर अख्खं खातं रात्रंदिवस पळतं, मग एवढासा पंप पळणार नाही? मी ओतलं. काठापर्यंत. पदरानं पुसून घेतलं आणि झाकण लावलं.

हे बाहेर आले, दही घेतलं, "येतो" म्हणाले. मी नुसती मान हलवली.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुखरूप आले! जेवताना आबांना सांगत होते, "चाक लोण्यासारखं फिरलं, काही त्रास नाही." मी पोळी लाटत होते. हसू आलं ते पिठाच्या हातानं पुसलं. सासूबाईंनी विचारलं, "कसाले हसस व?" म्हटलं काही नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आता माझा नेम झाला आहे. हे आंघोळीला गेले की किल्ली, झाकण, तेल. कधी चमचाभरच मावतं, कधी जास्त. काठाला टेकलं की मला श्वास येतो. त्याशिवाय गाडी दारातून हलली तर दिवसभर माझी मशीनची टीप वाकडी जाते.

आबांकडं जास्तीचं तेल मागितलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले. "तुनं मशीन इतलं तेल पेस का व?" मी म्हटलं, लेसचं काम जास्त आलंय, मशीन गरम होतं. भोळे आहेत बिचारे. डबा भरून घेऊन आले. म्हणाले, "हाई लूमखालना ट्रेमधलं शे. नवं तेल शेठ मोजी देस. गाळी लेजो, रुई राहस त्यामा. मशीनले चाली."

गाळायला कापडाची काय कमी! सुरतेत माणूस उपाशी राहील, चिंधीवाचून नाही राहणार. सध्या राणी कलरच्या साड्यांचा लॉट चाललाय. त्यातल्या कटपीसची चौपदरी घडी केली, डब्याच्या तोंडाला बांधली आणि थेंब थेंब गाळलं. कापडावर रुईचा थर बसला, ती तशीच खरवडून पुन्हा गाळलं. सासूबाईंचा चहासुद्धा मी कधी एवढा निगुतीनं गाळला नसेल.

५ मार्च, गुरुवार

मेला तो पंपवाला शेठ! त्याच्या तोंडात माती पडो.

चार दिवस पंप कण्हत होता. वळताना गुरासारखा आवाज. चेतनराव रेडिओ मोठा करून ठेवायचे, म्हणजे ऐकू येणार नाही. काल हजिऱ्याहून येताना चाक एकदम अडलं आणि गाडी डिव्हायडरवर चढली. माणसांना काही झालं नाही. पुढचा दिवा फुटला. ह्यांच्या मनगटाला सूज आहे.

बन्सीलालनं पंप उघडला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते, कान तिकडंच. तो म्हणाला, "चेतनभाऊ, तेल काळं झालंय बघ. फेस आलाय. आणि हे काय? धागे!" चिमटीत धरून वर उन्हात धरले. राणी रंगाचे धागे, आणि मध्ये रुईचा लगदा.

"तेल तर काठोकाठ होतं रे," हे म्हणाले. "एक थेंब उतरत नव्हतं. कमाल आहे."

ते ऐकून मला आतून बरं वाटलं. निदान माझ्याकडून कसूर नव्हती.

बन्सीलालचं म्हणणं, शेठचे कारागीर पंप चिंधीनं पुसतात आणि चिंधी आतच विसरतात. आणि खराब तेलही आतच राहू देतात. खोटं काय त्यात? या गावात कुठल्या कचऱ्यात राणी रंग नाही? दुसऱ्याच्या नवऱ्याचा जीव म्हणजे त्यांना चिंधीच!

शेठनं आता तिसरा दिलाय. रिकंडिशनच. आगीतून फुफाट्यात.

१३ मार्च, शुक्रवार

आज धुळवड, गाडीला सुटी. हर्षदानं बापाला निळाजांभळा करून टाकला. आठ वर्षांची झाली, पण बाप दिसला की चार वर्षांची होते. हे खूप दिवसांनी हसले. संध्याकाळी माझ्यासाठी मिठाईवाल्याकडची घारी आणली, आणि सासूबाई मंदिरात गेल्याचं बघून स्वतःच्या हातानं भरवली. म्हणाले, "तुला बोललो मी त्या दिवशी. मनात ठेवू नको."

तेव्हा सांगायचं ठरवलं. की अहो, तुमच्या टाकीत मी रोज तेल घालते, म्हणून तुम्ही निर्धास्त राहा. ओठावर आलं होतं. एवढ्यात त्यांच्या हाताकडं लक्ष गेलं. पेढ्याएवढा घारीचा तुकडा, तो धरलेली बोटं कापत होती. मला म्हणाले, "खांद्याचं काही नाही गं. पण आता वळण आलं की मला घाम फुटतो. कोणाला सांगू नकोस."

मग कसली सांगतेय मी. गाडीचा विषयच काढला नाही. ते लवकर झोपले. उद्या सकाळी सांगू म्हटलं, पण सकाळी तर निघायची वेळ, आणि निघताना बोलायचं नसतं.

१४ मार्च, शनिवार

नाही सांगितलं. तेल घातलं.

२५ मार्च, बुधवार

राणी लॉट संपला. आता पोपटी आलाय, डोळे दुखतात. तेल गाळायला आता पोपटीच घेते. राणी कापड तेलानं अगदी मऊ पडलं होतं, कडा उसवल्या होत्या.

पंप पुन्हा बोलायला लागलाय. तेल वाढवलं. आधी सकाळी घालायची, आता संध्याकाळी गाडी आल्यावरही झाकण उघडून बघते. शनिवारी मारुतीला तेल घालते ते वेगळंच. मारुतीला म्हटलं, तुला एक दिवस आणि पंपाला सात दिवस, रागावू नकोस.

काल स्वप्नात दार वाजलं. उठून कडी काढली तर कोणी नव्हतं. सासूबाई जाग्या झाल्या, त्यांनी मला जवळ झोपवलं. त्यांचाही डोळा लागत नाही हे तेव्हा कळलं. या घरात सगळे भितात आणि कोणी बोलत नाही.

८ एप्रिल, बुधवार

वाचले. दहा माणसं वाचली. देवा, मारुतीराया.

काल साक्रीकडचं लग्न उरकून परत येत होते. कोंडाईबारीच्या उतारावर, भर वळणात चाक अडलं. हे आबांना सांगत होते, मी स्वयंपाकघरात उंबऱ्याआड उभी. "आबा, मी पूर्ण ताकदीनं ओढलं. पायांनी सीटला रेटा देऊन ओढलं. फिरेचना. समोर रस्ता संपला होता आणि झाडांचे शेंडे दिसत होते." कडेच्या दगडाला पुढचं चाक धडकलं आणि गाडी थांबली. एक दगड सुटून खाली गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला म्हणे. माणसं मागच्या दारानं एकेक करून उतरली. वरमाईची बहीण बेशुद्ध पडली होती. पुढं घाट उतरेपर्यंत सगळे गाडीमागून चालत आले.

आबा लेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग हे आत आले आणि मला बघून लहान मुलासारखे रडले. लग्नाला दहा वर्षं झाली, मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना धरून खाली बसवलं आणि पदरानं डोळे पुसले.

"टाकी भरलेली होती गं," हे म्हणाले. "घाटाआधी मी स्वतः बघितली. काठोकाठ. तेलाचा दोष नाही. पंपच हरामी."

बन्सीलालनं पंप खोलला. काळा चिकट फेस आणि धागे. या वेळी पोपटी.

मी ते धागे पिशवीत घालून ठेवलेत. आता मी गप्प बसणार नाही. घरात बोलायला बंदी आहे, बाजारात नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

आज मी रणरागिणी झाले होते. 

चेतनराव नको नको म्हणत होते. मी पदर खोचला, पिशवी घेतली आणि शेठच्या दुकानात उभी राहिले. गिऱ्हाईकं होती तेच बरं झालं. काउंटरवर धागे ओतले. "हे काय आहे, शेठ? आधी राणी, मग पोपटी. पुढच्या पंपातून काय अख्खी साडी काढणार?"

शेठ हबकला. "बेन, मारो माल सो गाडीमां चाले छे. तमारीजमां केम नथी चालतो?"

"शंभर गाड्यांत चालत असेल, आमच्यात नाही चालत, कारण तुमचे कारागीर चिंध्या आत सोडतात!"

तर त्यानं मला हात धरल्यासारखं आत बोलावलं आणि मागचं कारखान्याचं दार उघडलं. तिथं दोन पोती उघडून दाखवली. पांढऱ्या सुती बनियनच्या चिंध्या, सगळ्या पांढऱ्या. "देखो बेन. रंगीन कपडा हम हाथ नहीं लगाते. रंग तेल में उतरता है. ये साडी का धागा मेरे यहाँ कहाँ से आएगा?"

चोराच्या उलट्या बोंबा! मी येणार हे कळल्यावर पांढरी पोती आणून ठेवायला किती वेळ लागतो? मी बाहेर येऊन असा आवाज चढवला की रस्त्यावरचे लोक आत आले. सगळ्यांना घाट सांगितला, झाडांचे शेंडे सांगितले, बेशुद्ध पडलेली बाई सांगितली. माझी आठ वर्षांची पोर आहे म्हटलं. तिथं आवाज फुटला आणि रडू आलं, ते मात्र नाटक नव्हतं. लोक शेठला बोलायला लागले. एका सरदारजीनं तर त्याची कॉलरच धरली.

शेवटी शेठनं हात जोडले. पहिला पंप आपलाच खराब होता, हे त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं. म्हणाला, कंपनीचा नवा, सीलबंद पंप मुंबईहून मागवून देतो, फुकट, पण पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नका. आणि निघताना म्हणतो कसा, "हवे कंई थाय तो तमारा घरमां जोजो, बेन."

घरात बघा म्हणे! माझ्या घरात काय पंपांचा कारखाना आहे?

घरी आले तर सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. चेतनराव म्हणाले, "तुझी जीभ काळी असली तरी धारदार आहे." सगळे हसले. आबा सगळ्यात जास्त.

२५ एप्रिल, शनिवार

पंप आला. खोकं उघडलं तेव्हा मी त्याला हळदकुंकू लावलं. बन्सीलालनं नळ्या धुतल्या, टाकी धुतली, सगळं जुनं तेल काढून टाकलं आणि नवं लाल तेल भरलं. चेतनरावांनी एका बोटानं चाक फिरवलं. दसऱ्यासारखं! हर्षदाला मांडीवर बसवून तिच्या बोटानंही फिरवून घेतलं.

परवा पहाटे आखाजीच्या सणाला गावी जायचं आहे. सासूबाई, हर्षदा, आबा आणि वरची सहा सीटं गिऱ्हाइकांची. मीही जाणार होते. आखाजीला माहेरी गेल्यावर आंब्याच्या झाडाला झोका आणि आईच्या हातचा रस. पण शेजारची इंदुबाई रडत आली, तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे साक्रीला, आणि एस.टी.ला उभं राहायला जागा नाही. मी माझी सीट तिला दिली. पोपटी लॉटही पोचवायचाच आहे. मी नंतर येईन.

एकच गोष्ट मनाला खाते. बन्सीलालनं टाकी काठापर्यंत भरली नाही. दोन बोटं कमी. मी आडून विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, गरम झाल्यावर तेल फुगतं, जागा लागते. आता तिला कोणी हात लावायचा नाही."

तोच म्हणाला होता ना, भरलेली असली तर डोळे झाकून जा?

२६ एप्रिल, रविवार

पापड, कुरडया, रसासाठी केशर आंबे, सांजोऱ्यांचा डबा. सगळं बांधून झालं. हर्षदा नवा फ्रॉक घालूनच झोपली आहे, काढायला तयार नाही. तिला पुढं बापाशेजारी बसायचंय, घाट बघायला. सासूबाई नको म्हणत होत्या. चेतनराव म्हणाले, "बसू दे गं आई. आता नवा पंप आहे."

डोळे मिटले की मला ती दोन बोटं रिकामी जागा दिसते.

क्षणभर वाटलं, नको. बन्सीभाऊ नको म्हणालाय, त्याचं ऐकावं. पण त्याचं ऐकूनच तीन पंप बसवले ना आम्ही? आणि तेलानं कधी कोणाचं वाईट झालंय? दिव्यात घालतो, देवाला घालतो, बाळाच्या टाळूला घालतो.

या वेळी चिंधी घ्यायची नाही असं ठरवलं. लॉटचं कापड, कोणाकोणाचे हात लागलेले. पेटी उघडली आणि माझी हळदीची पिवळी साडी काढली. लग्नाच्या आदल्या दिवशी नेसले होते ती, अजून हळदीचा वास येतो. तिचा पदराकडचा तुकडा कात्रीनं कापताना वाईट वाटलं, पण यापेक्षा शुभ कापड माझ्याकडं दुसरं नाही. त्यातून आबांचं तेल दोनदा गाळलं.

२७ एप्रिल, सोमवार

गेले.

पहाटे हे आंघोळीला गेले तेव्हा मी टाकी भरली. काठोकाठ. वर थोडं सांडलं, ते हळदीच्या तुकड्यानंच पुसलं. झाकण घट्ट लावलं आणि त्याला हात लावून नमस्कार केला.

मग सगळं रीतीनं झालं. नारळ, दही. मी कोणाला 'कुठं' म्हटलं नाही, 'सांभाळून' म्हटलं नाही, एकही काळा शब्द काढला नाही. हर्षदा पुढं बसली होती, काचेतून टाटा करत होती. चेतनराव एका बोटानं चाक फिरवून मला दाखवत होते. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती दसऱ्याची ऐट होती. "येतो गं," म्हणाले. गाडी कोपऱ्यावरून वळली ती एवढीशी कुरकुर न करता.

घरात कोणी नाही. भाकरी केली नाही, सकाळचा चहाच प्यायले. मशीनवर बसले आणि बघितलं, तर टीप सरळ जात होती. पोपटी साडीवर सगळी लेस सरळ.

आता साडेदहा वाजलेत. म्हणजे घाटाला लागले असतील. रोज या वेळेला माझा कान दाराकडं असायचा. आज नाही. नवा पंप आहे, टाकी भरलेली आहे, माझ्याकडून करायचं ते सगळं मी केलं आहे. आता डायरीत भीती लिहायची नाही. उद्यापासून दुधाचा हिशेब लिहीन, आधी ठरवलं होतं तसा.

तेलाचा डबा रिकामा झाला होता, तो घासून ओट्यावर पालथा घातलाय. हळदीचा तुकडा धुवून दोरीवर टाकला आहे. डाग काही जायचे नाहीत.

चेतनराव बाराच्या पुढं पीसीओवर फोन करणार आहेत. तीन महिन्यांत पहिल्यांदा दिवसाढवळ्या डोळ्यांवर झोप येतेय, म्हणून मी पीसीओवाल्याला सांगून ठेवलंय, भाऊ, मी निजलेली असेन, दार जरा जोरात वाजवा.

दार वाजतंय. जोरात वाजतंय. अगंबाई, इतक्यात पोचलेसुद्धा? नवा पंप तो नवा पंप!